बांधकाकांची राखण

बांधकाकांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानेच, एक डोळा खाडीकडे. "टेका हो घटकाभर!" म्हटलं की म्हणायचे, "पानी बसतंय काय? मंग मी कसा बसू?"

खाडीकाठची आमची भातशेती ते कसत. आम्ही अलिबागेत, मालक फक्त सातबाऱ्यावर. व्यवहार सगळा तोंडी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला काका खारबांधावर फेऱ्या मारत आणि खेकड्याचं एवढंसं बीळ दिसलं तरी चिखल थापून बुजवत. बांध फुटून खारं पाणी आत आलं की शेत नासलंच.

बांधाबाहेर त्यांनी तिवरं वाढवली होती. लाटांचा मार ती झाडं अंगावर घेतात. सरपणासाठी कुणी कोयता उचलला की काका ओरडत धावायचे, "बांध राखतात ती, चुलीत घालतेस?" बायकोलाही त्यांनी सोडलं नव्हतं.

मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. त्याचा एकच धोशा, "चिखलात काय मिळतं तुम्हाला? चला माझ्याकडे." तेवढ्यात एक योजना आली. जमीन कसून तिवरं राखील त्याला दरसाल मानधन. मालकाचं लेखी मात्र हवं. काका पहिल्यांदाच आमच्या दारात आले. उभेच. "ताई, जमीन मी कसतो येवढं लिहून दे. पोराला दाखवीन, चिखलाचा पन पगार असतो. मंग तो मला न्हाय न्यायचा."

भाऊ म्हणाला, "वेडी आहेस का? कूळ लागेल, जमीन जाईल हातची." आणि मी? शाळेत पर्यावरणावर भाषणं ठोकणारी मी, "बघते हं काका" म्हणत राहिले. मुदत टळली. काकांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं! दिवाळीनंतर मुलगा त्यांना घेऊन गेला.

तिथे तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत येरझाऱ्या घालतात म्हणे. दर उधाणाला त्यांचा फोन येतो. परवा पौर्णिमेलाही आला.

"ताई, बांधावर कोन हाय?"

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. म्हटलं, "मी आहे ना काका. बांध ठीक आहे."

"मंग पान्याचा आवाज का येत न्हाय गो?"