तिकडचं टपाल बंद

आज पोस्टात आमचे भूगोलाचे गुरुजी दिसले. निवृत्त झाल्यापासून ते दर संक्रांतीला सीमेपलीकडच्या एका शिक्षकांना तिळगूळ पाठवतात. तिकडून ईदेला खजूर येतात. दोघे कधी भेटलेले नाहीत.

"गुरुजी, तिकडचं टपाल बंद आहे, किती वेळा सांगू?" खिडकीतला कारकून म्हणाला. "आम्हालाच द्या की, आम्हीही गोड बोलू!"

गुरुजींनी खिशातल्या दोन वड्या त्याच्या हातावर ठेवल्या. पाठवायला आणलेला तिळगुळाचा डबा मात्र उघडला नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, तो गुरुजींमुळे. त्यांच्या वर्गात सीमा म्हणजे खडूची रेघ होती. तास संपला की ते ती पुसत.

डबा त्यांच्या घरी पोचवून द्यावा म्हणून मी हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "टपाल सुरू होईल कधीतरी. पण तिकडचे ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत रे."