वीणेकऱ्याच्या जिभेखालची गोळी

देवळात दोन गोष्टी रोज साठतात, निर्माल्य आणि किस्से. निर्माल्य सकाळी उचलले जाते. किस्से उचलायला कोणी येत नाही. ते माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या माथी राहतात!

भांडुपच्या टेकडीवर आमचे विठ्ठलमंदिर आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत आमचे व्यसनमुक्ती केंद्र. कित्येक वर्षे आमचा उपचार एकच होता. देवापुढे शपथ घ्यायची आणि गळ्यात तुळशीची माळ घालायची. मग एक दिवस डॉक्टर मीनल आल्या. पारखलेले उपचार आमच्यासारख्या छोट्या केंद्रांना शिकवणे, हे त्यांचे काम.

"बुवा, शपथ मोडली तर काय करता?"

"माळ काढून घेतो."

"म्हणजे ताप वाढला की औषध बंद!"

सत्तर वर्षे नामस्मरण करणाऱ्या माणसाला असे कोणी बोलत नाही. म्हणूनच मी त्यांना खुर्ची दिली.

* * *

पहिला धडा ऐकण्याचा. समोरच्याला उपदेश करायचा नाही. त्याला व्यसन का सोडावेसे वाटते, ते त्याच्याच तोंडून येऊ द्यायचे. समोर दिन्या बसला होता. आमच्या भजनी मंडळातला उत्तम टाळकरी, पण गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, पुडीने पार पोखरलेला. मी दोन मिनिटे गप्प राहिलो. तिसऱ्या मिनिटाला माझे निरूपण सुरू झाले.

बऱ्याच वेळाने दिन्या नम्रपणे म्हणाला, "बुवानू, तुमचा कीर्तन संपला की माका हाक मारा. मग मी माझा दुखणा सांगतंय."

* * *

दुसरा धडा चिठ्ठीचा. लघवीची तपासणी स्वच्छ आली की मडक्यातून एक चिठ्ठी उचलायची. कुणाला साबण, कुणाला चहापत्ती, कुणाला नुसते 'शाबास'. महिन्याने डॉक्टरांनी रजिस्टर पाहिले.

"बुवा, तपासणी खराब, तरीही साबण?"

"रांगेतल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही आम्ही. प्रसाद काय लघवी तपासून देतात?"

"हा प्रसाद नाही, बुवा. कमाई आहे. ती सरसकट वाटलीत, तर कमावणाऱ्याचा अपमान होतो."

मला ते पटले. पुढे दिन्याची तपासणी पहिल्यांदा स्वच्छ आली आणि नेमके त्याला 'शाबास' निघाले. मला हळहळ वाटली. पण त्याने ती चिठ्ठी घरी देव्हाऱ्याशेजारी चिकटवली.

"साबण काय, दुकानात गावता," तो म्हणाला. "ह्या खय गावतला?"

* * *

मुख्य औषध म्हणजे गोळी. गर्दच्याच जातीची पण सौम्य, तलफ भागवून माणसाला शुद्धीवर ठेवणारी. ती रोज आमच्यासमोर जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचे. दहा मिनिटे! भजनी माणसाला याहून कठोर तप नाही. पहिल्याच दिवशी मी सवयीने दिन्याच्या तळहातावर तीर्थ घातले, आणि त्याने सवयीने ते प्राशन केले. गोळी थेट पोटात!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पोटात गेलेली गोळी वाया गेल्यातच जमा, बुवा."

तेव्हापासून भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे: 'गोळी विरघळेपर्यंत तीर्थ नाही, नाम नाही.'

* * *

आमचे विश्वस्त तात्या परब यांना गोळी मान्य नव्हती. "एक नशा सोडवून दुसरी लावता? देवळात?"

दिन्याची आई बाहेर भाजी निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "तात्यानू, पयल्या नशेत ह्येना माझी पातेली विकल्यान. ह्या नशेत पाणी भरून ठेवता. माका हीच नशा व्हयी!"

* * *

शेवटी हरिनाम सप्ताह आला. सात दिवस वीणा जमिनीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सकाळचा आठचा पहारा मी दिन्याला लिहून दिला होता. तात्यांनी तो खोडला. "गोळी सोड, मग वीणा घे."

दिन्या गोळी सोडायला निघाला! डॉक्टर मला म्हणाल्या, "मध्येच सोडली तर हा पुन्हा गर्दकडे जाईल. आणि या वेळी त्याचं शरीर सोसणार नाही."

मी दिन्याला एवढेच सांगितले, "सकाळी गोळी घे आणि ये."

आठ वाजले. वीणा माझ्या गळ्यात होती. तात्यांनी नेमलेले गृहस्थ पुढे आले. मी नकाराची मान हलवली.

"बुवा, वीणा द्या," तात्या म्हणाले.

"दिन्याला देईन. खाली मला ठेवता येत नाही आणि ओढून तुम्हाला घेता येत नाही. माझे पाय अजून दणकट आहेत!"

इतक्यात दिन्या आला, ओठ घट्ट मिटलेले. मी वीणा त्याच्या गळ्यात घातली. तो उभा राहिला; एक शब्द नाही.

"नाम घे की रे! तोंडात काय धरलंयस?" तात्या खेकसले.

दिन्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. टाळ थांबले. सारा मंडप थांबला. नाम खंडित होऊ नये म्हणून मी एकटाच गात राहिलो.

मग दिन्याने तोंड उघडले, आणि असा विठ्ठल उमटला की बाहेरच्या रिक्षावाल्यानेही इंजिन बंद केले.

आमच्याकडे वीणेकऱ्याच्या पाया पडल्याशिवाय कोणी देवापुढे जात नाही. तात्यांच्या हातात आरतीचे ताट होते. ते माझ्याकडे देऊन तात्या हळूहळू वाकले.

रीतीप्रमाणे दिन्याही वाकला. दोघांची डोकी जवळ आली, तेव्हा तात्यांनी विचारलेले मला ऐकू आले.

"विरघळली ना रे पूर्ण?"