पहिल्या वर्षी हात लावायचा नाही

माझ्या वहिनीला, एनिडला, खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात आमच्या आईने विचारलं, पुडिंग कसं झालंय? तर ही बया सगळ्यांसमोर म्हणाली, "आतून कच्चं आहे." आई वर्षभर तिच्याशी धड बोलली नाही. आणि अशा बाईवर त्रेसष्टाव्या वर्षी पाळी आली ती चोवीस तास खोटं बोलायची. तेही स्वतःच्या नवऱ्याशी, एकाच खोलीत.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी आम्हा दोघींना दवाखान्याच्या बोळात गाठलं. माझा भाऊ क्लिफ आत सदऱ्याची बटणं लावत होता. फुप्फुसं गेलीयत, म्हणाले, उन्हाळा काढतील असं वाटत नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तेव्हा आमच्याकडे असंच चालायचं, ज्याचं मरण त्यालाच सांगत नसत. एनिडने टोपीची पिन काढली, परत खोचली आणि म्हणाली, "नाही सांगायचं. घाबरेल तो." माझ्या जिभेला हाड नाही हे सगळी गल्ली जाणते, पण त्या दिवशी मी मुकाट मान डोलावली.

क्लिफने चाळीस वर्षं रुबार्बच्या शेडमध्ये काढली. बिनखिडकीच्या त्या लांबलचक शेडमध्ये ऐन हिवाळ्यात मेणबत्तीच्या उजेडात गुडघे टेकून लाल दांडे काढायचे, हा त्याचा धंदा. आंबटढाण दांडे, साखर घालून शिजवायचे; पानं विषारी, ती फेकून द्यायची. वेकफील्डच्या आसपास रुबार्ब न खाता मोठं झालेलं माणूस दाखवा, मी कान कापून देईन. काम सुटल्यावर मळ्यातलं घरही सुटलं आणि दोघं नगरपालिकेच्या बैठ्या घरात आली. निम्मं सामान वाटून टाकलं, पण आमच्या वडिलांनी लावलेल्या रुबार्बचा गड्डा मात्र क्लिफने गोणपाटात बांधून बरोबर आणला.

डॉक्टरांनी सांगायच्या आधीच्या नोव्हेंबरात तो लावला. क्लिफला खोकल्याने बाहेर पडवत नव्हतं, म्हणून खोदायचं एनिडने आणि हुकूम सोडायचे याने, तेही बंद काचेच्या आडून. "आणखी खोल! आणखी!" ती कमरेत वाकून खोदतेय. तळाशी घोड्याची लीद, त्यावर गिरणीतला लोकरीचा कचरा. मग फावड्याने गड्डा फोडला. जुना, लाकूड झालेला भाग फेकला आणि कोंबाचे दोन डोळे असलेला एक जाड तुकडा ठेवला. क्लिफ ओरडतोय, "डोळा वर! अगं डोळा वर!" डोळा मातीच्या वर राहिला नाही तर गड्डा कुजतो ना. एनिडने बिचारीने आभाळाकडे बघितलं. मी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिले, आणि क्लिफने कपाळावर हात मारून घेतला.

आत आल्यावर त्याने तिला बजावलं, "पहिल्या वर्षी हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी दोन-चार दांडे. तिसऱ्या वर्षी पोटभर." हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पहिल्या वर्षी दांडे काढले तर मुळांत जोर उरत नाही आणि रोप मरतं.

एप्रिलमध्ये रोप वर आलं, आणि नेमकं तेव्हाच क्लिफचं जेवण तुटलं. रस्सा नको, अंडं नको, कस्टर्ड पुढे केलं तर तोंड फिरवायचा. त्याची खाट आम्ही खिडकीला लावली होती. उशीवरून त्याला वाफा दिसायचा, आणि रोज सकाळी तो दांडे मोजायचा. "आज पाच." "आज सहा, एनिड." सात झाले तेव्हा म्हणाला, "तोंडाला चवच नाही बघ. आपला रुबार्ब असता तर खाल्ला असता चमचाभर. असो. पुढच्या वर्षी."

"हो, पुढच्या वर्षी," एनिड म्हणाली आणि बादली घेऊन बाहेर गेली. बादली रिकामी होती.

शेजारच्या हिल्डाने तिच्याकडचे दांडे आणून दिले. एनिडने शिजवले. क्लिफने एक चमचा तोंडात घेतला, "पाणचट," म्हणाला आणि वाटी सरकवली. तीन दिवसांत त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. माझं डोकं सणकलं. मी एनिडला स्वयंपाकघरात धरली.

"दाराशी सात दांडे उभे आहेत आणि माणूस उपाशी मरतोय! काढ ना चार! रोप घेऊन काय चाटायचंय?"

"हळू बोल."

"का हळू? तू काढत नसशील तर मी काढते."

तिने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. "मर्टल, तो चाळीस वर्षं हेच करत आलाय. पहिल्या वर्षाचा दांडा कोण काढतं? ज्याला पुढचं वर्ष नाही तो. मी ती वाटी त्याच्यासमोर ठेवली की त्याला सगळं कळेल. मला तोंड उघडावंही लागणार नाही."

मी मनगट सोडवून घेतलं. ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं. पण भाऊ माझा होता, आणि त्याची गालफडं दिवसागणिक आत चालली होती.

शुक्रवारी एनिड औषधं आणायला गेली. क्लिफचा डोळा लागला होता. मी स्वतःशी म्हटलं, पलीकडच्या बाजूचे तीन काढले तर कुणाला कळतंय? हिल्डाचेच म्हणून सांगू. खाली धरून, पिळा देऊन तीन दांडे ओढले, पानं हिल्डाच्या कुंपणापलीकडे भिरकावली आणि भरपूर साखर घालून शिजवले.  

तो जागा झाला. मी वाटी दिली. "हिल्डाने पाठवलाय. आज चांगला निघालाय म्हणे."

त्याने चमचा तोंडात घेतला. थांबला. मग दुसरा घेतला. मग वाटी छातीशी धरून सगळा खाल्ला, रसही प्याला. मला इतका आनंद झाला की मी मूर्खासारखी विचारून बसले, "आणखी देऊ?"

"किती काढलेस, मर्टल?"

 "तीन," मी म्हटलं.

"सुरी नाही ना लावलीस? कापला की बुंधा कुजतो."

"नाही. पिळून काढले."

"बरं केलंस." त्याने वाटी पांघरुणावर ठेवली.  मग म्हणाला, "डॉक्टरने किती दिवस सांगितलेत?"

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "उन्हाळा."

"काढेन की नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"एनिडला सांगू नकोस मला कळलंय म्हणून," तो म्हणाला. "घाबरेल ती."

देवा! बोळात एनिड बोलली होती तोच शब्द. त्या क्षणी मला दोघांचीही टाळकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. मी वाटी उचलून मोरीत घातली, पण विसळायला वेळच मिळाला नाही. फाटक वाजलं.

एनिड नेहमीसारखी वाफ्यावरून आली आणि थबकली. दांडा ओढला की बुंध्याशी ओली खूण राहते. अशा तीन खुणा तिथे होत्या. ती अंगात कोट, हातात औषधांची पिशवी घेऊन तशीच उभी. मग तिने मान वर केली. खिडकीतून क्लिफ तिच्याकडेच बघत होता. दोघांच्या मध्ये फक्त काच होती, आणि दोघांपैकी कुणीही नजर काढेना. मला वाटलं, आता ही मला उभी चिरणार.

तिने पिशवी मातीत ठेवली. वाकली. आणि उरलेले चारही दांडे एकामागून एक ओढून काढले.

"अगं! अगं, मरेल ना ते!" क्लिफ काचेवर हात आपटत ओरडला. काचेतूनही तिला ते ऐकू गेलं.

ती चिखलाच्या बुटांनी सरळ आत आली. तिचं घर म्हणजे आरसा, पण गालिच्यावर ठसे उमटले ते तिने बघितलेसुद्धा नाहीत. दांडे पानांसकट त्याच्या पांघरुणावर टाकले.

"मरू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी एकटीने खाऊन काय करू?"

क्लिफने एक दांडा उचलला, त्याची माती अंगठ्याने पुसली. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"फेब्रुवारीपासून."

"आणि रडली नाहीस?"

"रडले. रोज."

"कुठे? मला कधी ऐकू आलं नाही."

"कोळशाच्या खोलीत. दार लावून."

तो खोकत खोकत भिंतीकडे सरकला आणि त्याने खाटेवर तिच्यापुरती जागा केली.

"तिथे फार गारठा असतो गं," तो म्हणाला. "इथे बस."