तिला तिखटच लागतं

जालन्याच्या डॉक्टरांनी माझ्या घशातून दुर्बीण घातली, आतली सूज पाहिली आणि विचारलं, "मावशी, इतकं तिखट खायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेल्या आमच्या मालकांनी उत्तर दिलं. "तिला लहानपणापासूनच तिखट लागतं, डॉक्टरसाहेब. बिलकुल ऐकत न्हाई कोणाचं." डॉक्टर हसले, मालकही हसले. घसा औषधानं बधिर झाला होता म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्या दिवशी दवाखान्यात तमाशा झाला असता.

लहानपणापासून! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या लहानपणाची साधी चौकशी या माणसानं कधी केली नाही. माझं माहेर कुंभार पिंपळगावचं. भाजीत मिरची जरा जास्त पडली की मी ताट सरकवून भोकाड पसरायचे. तिखट टाकायच्या आधी आई माझ्यापुरती भाजी एका वाटीत काढून ठेवायची. वडील ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायचे आणि म्हणायचे, "हिला फिक्कं खाणारं सासर पाह्यजे." आणि पाहिलं कोणतं, तर पिंपळगाव रेणुकाई. एका पिंपळगावातून उचलून दुसऱ्या पिंपळगावात दिली, आणि तेही जिथं मिरचीचाच बाजार भरतो तिथं.

सासरच्या रानातही मिरचीच. तोडणीच्या दिवसांत संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची की पिठात हात घालवत नसे. ताक चोळायचं आणि भाकरी थापायला बसायचं. लांब, तकतकीत माल गोण्या भरून बाजारात जायचा. मोडकी, वाकडी, मऊ पडलेली मिरची घरात राहायची. जेवणाचंही तसंच. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई आणि शेवटी मी. तोवर वरणाचा तळ गाठलेला असायचा, भाजीचं पातेलं कोणीतरी भाकरीनं पुसून घेतलेलं असायचं. दूध-दही माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. भाकरी मात्र असायची आणि मिरची असायची. तव्यावर थोडं तेल, मिरच्या, लसूण, जाडं मीठ, असले तर मूठभर शेंगदाणे, आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं सगळं रगडायचं. मी उपाशी झोपत नव्हते, त्यामुळे कोणाला वाईट वाटायचंही कारण नव्हतं.

पहिल्या वर्षी मी दर घासाला पाणी प्यायचे. डोळे वाहायचे. ते तिखटानं की आणखी कशानं, हे विचारायला समोर कोणी नसायचं. एकदा शेजारीण अवेळी बसायला आली. माझ्या ताटात नुसता ठेचा बघून तिनं सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई पटकन म्हणाल्या, "तिला तिखटच लागतं, बाई. वरण न्हाई चालत तिला." झालं! त्या एका वाक्यानं माझा निकाल लागला. पाहुणे आले, दही कमी पडलं, तर तिला तिखटच लागतं. सणाला खीर पुरली नाही, तरी तिला तिखटच लागतं. ज्याच्या त्याच्या तोंडी ते वाक्य. मालकांनी तर ते इतकं ऐकलं की त्यांना ते माझ्या जन्मापासूनचं वाटायला लागलं.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ते खरं झालं. दोन-तीन वर्षांनी माहेरी गेले तेव्हा आईनं नेहमीसारखी माझी वाटी वेगळी काढून ठेवली होती. मी एक घास खाल्ला. अगदी मिळमिळीत लागला. मी हिरवी मिरची मागितली. आईनं ती आणून दिली आणि माझं खाणं संपेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

मला तिखट आवडतं. मनापासून आवडतं. गरम भाकरीचा पापुद्रा उचलून आत ठेचा भरला की कान तापतात, नाक वाहतं, टाळूला घाम फुटतो आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही राहत नाही. मी कोणाची सून नसते, कोणाची आई नसते. याचाच मला संताप येतो. उभ्या आयुष्यात एक आवड लागली, तीही इतरांचं खाऊन उरलेल्यातून.

जळजळ हळूहळू सुरू झाली. खाली वाकलं की आंबट पाणी घशाशी यायचं, छातीत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आधी खायचा सोडा घेतला, मग मेडिकलमधून गुलाबी औषधाच्या बाटल्या आणल्या. ठेचा सुटला नाही. आता सकाळी अनशापोटी गोळी, मऊ भात, मुगाचं वरण आणि वाटीभर दही. गंमत बघा, या घरात दही माझ्या वाट्याला आलं ते औषध म्हणून. तरी ओट्याशी उभ्या उभ्या ठेच्याचं बोट चाटतेच मी, आणि नंतर भोगते.

मागच्या आठवड्यात मालक आणि मुलगा जेवून उठले. मी माझा भात घेऊन बसले होते. सून तव्यावर मिरच्या परतत होती. मी पातेल्यात डोकावले, तर वरण संपलेलं.

"अगं, तुला काय मंग?"

"राहू द्या, आत्या. मला तिखटच लागतं."

ही पोरगी जालन्यात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा माझा ठेचा नुसता बोटभर चाखून तिला उचक्या लागल्या होत्या. बाहेरच्या खोलीतून मुलगा कौतुकानं ओरडला, "बराबर आईवर गेली ती!" माझ्या छातीत भडका उडाला. त्या दिवशी मी मिरचीला बोटही लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाक झाल्या झाल्या मी दोन ताटं घेतली आणि सुनेला म्हणाले, "बस." ती दाराकडं बघत पुटपुटली, "मामा काय म्हणतील?" मी म्हणाले, "म्हणू दे काय म्हणायचं ते." तिला वरण वाढलं, भाजी वाढली, दही वाढलं. नको नको म्हणत होती, पण भुकेली होती. आम्ही दोघींनी पोटभर खाल्लं आणि पातेली भाकरीनं पुसून घेतली.

मग बापलेक आले. मी दोघांच्या ताटात भाकरी आणि ठेचा वाढला.

"वरण?" मालकांनी विचारलं.

"संपलं."

त्यांनी भाकरी मोडून घास घेतला. दुसऱ्या घासाला उचकी लागली, तिसऱ्याला तोंड लालबुंद झालं. "इतकं तिखट कसं काय खाता गं तुम्ही?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला होता.

"भूक लागली की खाता येतं," मी म्हणाले.

त्यांनी तांब्याच तोंडाला लावला होता, ऐकलं की नाही कोण जाणे. मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आई, जल्दी दही दे थोडं."

मघापर्यंत दही होतं. ते आम्ही दोघींनी संपवलं होतं.