बारा व्होल्टचा कोणताही चालतो?

मनोहर गेल्याची बातमी मला आमच्या कीबोर्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच कळली. खाली जोडलेल्या हातांची रांग... ‘मोठा जाणकार गेला’, ‘ग्रुप पोरका झाला’. डोकं भणाणलं. याच लोकांनी त्याला तिथं तोंड उघडू दिलं नव्हतं.

मनोहरचं तुमसरला कापडाचं दुकान. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांना कीबोर्डची साथ. ग्रुपवर कुणी बिघाड सांगितला की आम्ही उत्तरं फेकायचो. हा आधी विचारायचा, मॉडेल कोणतं, लाइट लागते का, काय काय करून पाहिलं? माहीत नसलं तर ‘मले माहीत नाही’ असं सरळ लिहायचा. एवढं लिहायची आमच्यात दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

बपेरा गावच्या एका भजनवाल्याच्या कीबोर्डचा अडॅप्टर हरवला. कोणता आणू, त्यानं विचारलं. लगेच उत्तर आलं, ‘बारा व्होल्टचा कोणताही चालतो, बिनधास्त लावा.’ धडाधड अंगठे! मनोहरनं लिहिलं, ‘थांबा. पिनीच्या आत प्लस पाहिजे का मायनस, ते कीबोर्डच्या मागं छापलं असते. उलटं झालं तर जळन.’ झालं! ‘भाऊ, इथं कापडाचा मीटर नाही चालत.’ ‘तुमी साड्या दाखवा ना!’ दिवसभर हसत होते. भजनवाल्याचा कीबोर्ड जळाला, तेव्हा त्यालाच म्हणाले, ‘तुमचा पीसच खराब असन.’

ते पहिलं उत्तर माझं होतं. कुठंतरी वाचलेलं, न तपासलेलं.

मनोहरचा फोन आला. “अबे, चुकलं म्हणून दोन ओळी टाक ना.”

“आता कायले उकरतं?”

“मले हसले त्याचं काही नाही बे. पण उद्या दुसरा कोणी तेच वाचन, अन् लावन.”

“पाहू,” म्हटलं... आणि पाहिलं नाही. मनोहरनं त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

तो गेल्यावर मी दुरुस्ती टाकली. उत्तर माझं, साफ चूक, कुणी तसं करू नका. ॲडमिननं ती काढून टाकली. ‘दुखवट्यात वाद कायले?’ माणसाला जिवंतपणी गप्प बसवायचं आणि मेल्यावर त्याचं खरं पुसायचं, याला हे लोक दुखवटा म्हणतात! म्हणून ग्रुपबाहेर, इथं लिहितोय. हे कुणाला पुसता येणार नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी त्याचा कीबोर्ड पुढं ठेवला. म्हणाल्या, “पेटी सुरू करून पाहा जरा, बंद राहून खराब होते, हे म्हणत.” खिळ्याला अडॅप्टर टांगलेले, प्रत्येकाच्या वायरीला दुकानातल्या कापडाची चिंधी. मी हाताला लागला तो घेतला. वहिनींनी तो माझ्या हातून काढून घेतला.

“हा नाही, भाऊजी. हिरवी चिंधी दुसऱ्या पेटीची हाये. या पेटीले पिवळी. आधी पाहून घ्या ना...”