काकाच्या नावाच्या तीन बाटल्या

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, काका चहाचा कप दोन्ही हातांनी का धरतो? त्याने हसून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मी कपाटातली फाइल काढली. हे तुम्हाला तुमच्या आजीकडूनच कळायला हवं.

काका कुडाळच्या वाटेवर फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथल्या रसायनाचा उग्र वास त्याच्या केसांतून जाईना. उशीला, ताटातल्या भातालाही यायचा. ते अंगात किती भिनलं हे पाहायला दर सहा महिन्यांनी कामगारांची लघवी तपासत. बाटल्या आदल्या दिवशी वाटत. ड्यूटी सुटताना भरून द्यायच्या.

त्याच्या पहिल्याच तपासणीच्या सकाळी तो रिकामी बाटली घेऊन स्वयंपाकघरात आला.

“आये, ह्येच्यात तुझी दी.”

“शरम नाय तुका?”

“आसा. पण रिपोर्ट वाईट इलो तर माका पर्मनंट करूचे नाय. गेल्या वेळी एकाक घरी बसवल्यानी.”

“जल्मभर शाळेत कॉप्या पकडलंय मी!”

“म्हणान तर तुझ्यार कोणाक संशय येवचो नाय.”

मला हसू आलं. मी बाटली भरली, पुसली, वर सुवाच्य अक्षरात त्याचं नाव घातलं आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.

रिपोर्ट इंग्रजीत आला. मीच वाचून सांगितला: सगळं मर्यादेत. लघवी कोणाची हे ठाऊक असूनही मला हायसं वाटलं. नीट भोकं पाडून तो फाइलला लावला. काका पर्मनंट झाला. तब्येत ठणठणीत म्हणून त्याला होडीच्या पोटात कामाला घातलं, जिथे वारा शिरत नाही. पुढच्या दोन बाटल्यांच्या वेळी त्याला काही बोलावंही लागलं नाही.

मग शर्टाची बटणं लागेनाशी झाली. बोलता बोलता शब्द सापडेना. डॉक्टरांनी फाइल चाळली.

“कारखान्याचा संबंध दिसत नाही. रिपोर्ट उत्तम आहेत.”

काका माझ्याकडे बघत होता. मी फाइल पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“मग त्यांचा स्वतःचा रिपोर्ट कुठे आहे?”

“एकही नाही.”

काकाने कारखाना सोडला. वास गेला, हाताची थरथर राहिली. फाइलही आहे. तिच्यात तीन रिपोर्ट आहेत. तिन्हींवर नाव त्याचं, लघवी माझी.