भागीरथाकाकूंच्या पऱ्हाटीतला टॉवर

दारव्ह्याचे जमीरभाई टॉवरांवरून जाणाऱ्या विजेच्या मोठ्या लाइनवर गस्त घालायचे. माणूस भलता गप्पिष्ट. तासाभराचं काम त्यांना दिवसभर पुरायचं, कारण प्रत्येक बांधावर चहा ठरलेला. फक्त बोरी अरबच्या भागीरथाकाकूंच्या बांधावर चहाऐवजी शिव्या मिळत.

कापसानं सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. काकूंचीही लागोपाठ दोन पिकं गेली होती. यंदा मात्र पऱ्हाटी बोंडांनी लगडली होती आणि तिच्या मधोमध टॉवर उभा होता. परतीच्या पावसाचे ढग जमू लागले तेव्हा जमीरभाईंनी टॉवरचा पाय पाहिला आणि कपाळावर हात मारला. वर पडलेली वीज मातीत नेणारी अर्थिंगची पट्टी कुणीतरी कापून वर दुमडून ठेवली होती.

"काकू, हे कोनं केलं?"

"म्याच केलं. इज वर पडली त वरच राहू दे. माह्या पऱ्हाटीत कायले उतरवता?"

जमीरभाईंना हसू आवरेना, तशा काकू भडकल्या. हे सांगताना हसू मलाही येतं, पण एवढ्या हौसेनं जपलेल्या पिकापायी मीही तेच केलं असतं!

जमीरभाई बांधावर टेकले. "काकू, वावरातल्या पान्याले वाट नाही देली त काय होते?"

"बांध फोडते."

"इजेचंही तसंच हाये. खाली वाट नाही भेटली त वरच्या, तारा धरून ठेवनाऱ्या चिनी मातीच्या चकत्या फोडते. मंग लाइन बंद, अन् ठिकऱ्या तुमच्या पऱ्हाटीवर."

काकूंनी एकदा वर पाहिलं, एकदा पऱ्हाटीकडे. मग उठून स्वतःच पऱ्हाटीच्या दोन ओळींमधली मोकळी जागा दाखवली. खोदताना एखादी फांदी हलली तरी त्यांचा आरडाओरडा चालूच होता. पट्टी जोडून गाडली एकदाची.

त्याच आठवड्यात भर दुपारी टॉवरवर वीज पडली. जमीरभाई चिखल तुडवत पोचले. चकत्या शाबूत, लाइन चालू! त्यांचा जीव भांड्यात पडला. काकू मात्र वर बघतच नव्हत्या, एकेक झाड चाचपत होत्या.

"माह्या पऱ्हाटीखालून इज गेली," त्या ओरडल्या, "अन् एका झाडालेही पत्ता लागला नाही!"

पहिल्या वेचणीला वावरात दहीभात ठेवायची आमच्याकडे रीत आहे. त्या साली काकूंनी एक मूद टॉवरच्या पायाशी ठेवली आणि दुसरी जमीरभाईंच्या हातावर.

"खा बाप्पा," त्या म्हणाल्या. "यंदा कापूस घरी येते."